मालिकेतलं गाव औशाचं, मग बोली साताऱ्याची कामून?

येळवस
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

परवा रात्री जेवणं झाल्यावर आई टीव्हीपुढं तूर निवडत बसली होती. एक नवी मालिका सुरू झालीय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर हिरोच्या फॅनक्लबवाले येऊन धागा ताब्यात घेतील. गाव लातूर जिल्ह्यातलं दाखवलंय, पहिल्याच दृश्यात एसटीवर 'औसा' अशी पाटी. हिरोईन बांधावरून पळत येते आणि ओरडते, "आरं ए दादाऽ, कुटं निगालायस रं?"

आईनं सुपातून मान वर केली. "ही कुठली गं? साताऱ्याकडची सून हाय का?"

बायको म्हणाली, "नाही हो आई, इथलीच दाखवलीय. पाटलाची पोरगी."

"मग इथली असून आसं कामून बोलूलाली?"

माझा प्रश्न तोच. मालवणीला 'रात्रीस खेळ चाले' मिळाली. कोल्हापूरला 'तुझ्यात जीव रंगला', साताऱ्याला 'लागिरं झालं जी'. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकेनं नागपूरचं बोलणं घराघरात नेलं. या चारही मालिका २०१६-१७ मधल्या. आमच्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांनी काय घोडं मारलंय? दुष्काळ दाखवायचा असला की आमचं शिवार पाहिजे, बोलायची वेळ आली की भाषा घाटावरची. तुम्हाला काय वाटतं?

हुरडा_पार्टी
पहिला! उत्तर सोपं हाय भाऊ. मुंबईहून वाईला दुपारच्या जेवणाला पोचता येतं. नांदेडला यायचं तर देवगिरी एक्स्प्रेसात रात्र काढावी लागती. युनिटला तेवढा दम नाही.

कोथरूडकर
शूटिंग कुठे होतं याचा बोलीशी काय संबंध? लेखक मुंबईत बसूनही लिहू शकतो. मला वाटतं खरा मुद्दा समजण्याचा आहे. मालिका ठाण्यातही बघतात आणि चंद्रपुरातही. त्यामुळे सगळ्यांना कळेल अशी एक सर्वसाधारण 'गावरान' भाषा तयार झाली आहे, ती वापरतात. व्यावसायिक गणित आहे, त्यात अन्याय वगैरे शोधू नये.

करवीरकर
एक मिनिट. ती सर्वसाधारण गावरान भाषा तुम्ही सगळे आमच्या नावावर खपवताय, हे आधी थांबवा. मालिकेतलं कोल्हापुरी आम्हालाही कळत नाही. आम्ही सकाळी उठून पांढरा रस्सा ओरपत एकमेकांना 'नाद खुळा' म्हणत नाही हो. मुंबईतल्या कुणीतरी ते बनवलंय आणि वर 'कोल्हापुरी' असा शिक्का मारलाय, हॉटेलातल्या व्हेज कोल्हापुरीसारखा.

हुरडा_पार्टी
@करवीरकर व्हेज कोल्हापुरी 😂 धागा इथंच वसूल.

खवा_पेढा
मी भूमचा. धागाकर्ते एक नाव विसरले: मकरंद अनासपुरे. २००५ साली 'कायद्याचं बोला' आला तेव्हा मी बारावीला होतो. वकिलाचं नाव काय, तर केशव कुंथलगिरीकर! आमच्या तालुक्यातलं कुंथलगिरी, जिथला खवा आणि पेढा लोक पिशव्या भरून नेतात, त्या गावाचं नाव पडद्यावरच्या माणसाचं आडनाव म्हणून ऐकलं आणि अख्ख्या थेटरात शिट्ट्या. दिग्दर्शकही आपल्याच संभाजीनगरचे, चंद्रकांत कुलकर्णी. म्हणजे मराठवाडी बोली पडद्यावर आलीच नाही असं कसं म्हणता? एका माणसानं तिच्या जिवावर हिरो होऊन दाखवलंय.

तिसरी_घंटा
@खवा_पेढा अनासपुऱ्यांबद्दल आदर आहेच, पण माझं दुखणं तिथूनच सुरू होतं. थोडं लांबण लावतो.

मी संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकलो. तिथं लक्ष्मण देशपांडे सरांचं नाव निघालं की अजून लोक सरसावून बसतात. ते विभागप्रमुख होते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' त्यांनी १९७९ पासून एकट्यानं केलं. पन्नासच्या वर पात्रं, ना नेपथ्य ना वेशांतर. खांद्यावरचं उपरणं इकडून तिकडं गेलं की म्हातारी उभी, परत फिरलं की गावचा पुढारी. लोक पोट धरून हसायचे. पण ते हसणं बोलीला नव्हतं. विमानात बसलेल्या साध्या माणसाची जी भंबेरी उडते, तिला होतं. बोली ही त्या माणसांची भाषा होती, बस. पुढं माजलगावच्या संदीप पाठकनं तेच नाटक केलं, तेही दमात केलं.

नंतर झालं काय, तर निर्मात्यांच्या डोक्यात समीकरण पक्कं बसलं: मराठवाडी म्हणजे विनोदी. अनासपुऱ्यांचा दोष नाही, त्यांना तशाच भूमिका पुढं येत गेल्या. पण आज कुठल्याही स्किटमध्ये मराठवाड्याचा माणूस कोण? एक तर येडबंबू, नाहीतर टँकरच्या मागं पळणारा. या बोलीत कुणी प्रेमपत्र लिहीत नाही, कुणाचा बाप मरत नाही, कुणी वकिली डोकं चालवत नाही.

खवा_पेढा
@तिसरी_घंटा वकिली डोकं चालवत नाही?? मी वर काय लिहिलंय 😀 आख्खा शिनेमाच वकिलाचा हाय.

तिसरी_घंटा
😀 मान्य. वकील वगळून वाचावे.

मोसंबीवाला
जालन्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून घेतो. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. २०१२ चं नाटक. कल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं ('हरिश्चंद्राची फॅक्टरी'तले फाळके), आणि लेखक राजकुमार तांगडे, घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थचे. हो, रामदास स्वामींचं जन्मगाव तेच. नटमंडळी त्याच भागातली, शेती करणारी पोरं.

मी प्रयोग पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत दोन बाया होत्या, मुंबईच्या असाव्यात. पहिली दहा मिनिटं एकमेकींना विचारत होत्या, "काय म्हणाला?" अर्ध्या तासानं विचारणं बंद. मध्यंतरात त्यातली एक माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही तिकडचे का?" मी म्हणलं हो. तर म्हणे, "किती छान बोलता हो तुम्ही लोक." मी तोवर एक शब्द बोललो नव्हतो.

सांगायचं काय, तर कोथरूडकर साहेब, कान दहा मिनिटांत तयार होतात. त्या नाटकात हसू होतं, पण त्याच बोलीत शिवाजी महाराजांवरून आख्खा वैचारिक सामना व्हायचा. येडबंबू कुणीच नव्हतं.

कोथरूडकर
नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढून बसलेला असतो, तो दहा मिनिटं देतो. मालिकेचा प्रेक्षक भाजी फोडणीला टाकता टाकता ऐकतो. दहा सेकंदांत कळलं नाही तर चॅनल बदलतो.

गोदाकाठ
सूरज चव्हाणचं बोलणं कुणाला दहा सेकंदांत कळलं होतं? २०२४ ला त्यानं बिग बॉस मराठी जिंकलं की. बारामतीच्या मोढव्याचं पोरगं, घरात जसं बोलतो तसंच तिथं बोललं. आणि होस्ट कोण, तर आमच्या लातूरचे रितेशभाऊ!

हुरडा_पार्टी
रितेशभाऊ मराठी बोलतात तेव्हा त्यात लातूर हुडकायला दुर्बीण लागती बरं का. 'लय भारी' म्हणायला कुणी बी म्हणतंय.

गोदाकाठ
ए, भाऊंना काही बोलायचं नाही. 'वेड' मी चार वेळा पाहिलाय.

हुरडा_पार्टी
चार वेळा? तेवढ्यात मूळ तेलुगू 'मजिली' पाहून, शिकून, रिमेक करून झाला असता.

देगलूर_नाका
तेलुगूचा विषय निघालाच आहे तर लिहितो. कधीचा वाट बघायलो.

आमच्या देगलूर-धर्माबादकडं तेलुगू सिनेमा घरचाच. हद्द ओलांडली की तेलंगण. १९४८ पर्यंत आपण दोघं एकाच निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं पलीकडच्याचं दुखणं आम्हाला लवकर कळतं. आणि त्यांचं दुखणं तुमच्यासारखंच होतं. तेलुगू सिनेमात वर्षानुवर्षं हिरो किनाऱ्याकडची, आंध्राची भाषा बोलायचा. तेलंगणची बोली कुणाला? गुंडाला, नाहीतर विनोदी नोकराला. तिसरी_घंटा म्हणतात तेच डिट्टो.

मग २०१४ ला वेगळं राज्य झालं. २०१७ ला 'फिदा' आला. नायिका बांसवाड्याची. बांसवाडा म्हणजे आमच्याकडून बोधनच्या रस्त्यानं गेलं की आलंच. ती पोरगी ठसक्यात तेलंगणी बोलते, हिरोला सुनावते, आणि पिक्चर धो धो चालला. आता गंमत बघा. साई पल्लवी मूळची तमिळनाडूची! ती बोली शिकली आणि स्वतःच्या आवाजात डबिंग केलं. म्हणून "तिथलाच नट पाहिजे" हेही खरं नाही. शिकायची तयारी पाहिजे.

आणि २०२३ चा 'बलगम'. त्याच्यावर तर वेगळा धागा काढावा लागंल. म्हातारा मरतो, आणि पिंडाला कावळा शिवत नाही. बस, एवढी गोष्ट. घरातली जुनी भांडणं, मानपान, मटणाच्या नळीवरून रुसलेला जावई. दिग्दर्शक वेणू येल्दंडी आधी विनोदी नट म्हणून ओळखला जायचा. गावागावांत चौकात पडदा लावून लोकांनी पाहिला. मी तो माझ्या बापासोबत मोबाइलवर पाहिला. बाप तेलुगू तोडकं-मोडकं समजतो. शेवटी गाणं लागलं तर उठून बाहेर गेला, लई वेळ आलाच नाही. नंतर एवढंच मनला, "आपल्यात बी असंच असतंय की."

असतंय. पण आपल्यात कुणी काढला नाही.

मोसंबीवाला
+१००. ह्या प्रतिसादाचाच स्वतंत्र धागा करा.

तिसरी_घंटा
@देगलूर_नाका विनोदी नटानंच ती बोली रडायला लावली, हे महत्त्वाचं. माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

येळवस
सगळ्यांचे आभार. कामावर होतो, आत्ता सगळं वाचलं. 'बलगम' आज रात्रीच बघतो.

'पाणी'चा उल्लेख कुणी केला नाही. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची खरी गोष्ट, हनुमंत केंद्रेंनी गाव पाणीदार केल्याची. आदिनाथ कोठारेनं दिग्दर्शन केलं आणि काम पण त्यानंच केलं. राष्ट्रीय पुरस्कार २०१९ ला जाहीर झाला आणि थेटरात लागला ऑक्टोबर २०२४ ला. पाच वर्षं! बोलीसाठी मेहनत घेतलेली जाणवली. त्यातलं लग्नाचं प्रकरणही मला आवडलं, पाणी नाही म्हणून पोरगी देत नाहीत ते. पण पुन्हा तेच, मराठवाडा म्हणजे पाणी नसणे.

गोदाकाठ
मी नांदेडला पाहिला. थेटरात आम्ही चौदा जण. मी मोजले, कारण मोजण्याइतकेच होते. बाहेर हिंदी शिनेमाला रांग. भाऊ, दोष वाहिन्यांना देतो आपण, पण आपण तरी जातो का? 'दशावतार'ला २०२५ मध्ये कोकणी माणसानं मुंबईत थेटरं भरली. 'स्थळ'मध्ये चंद्रपूरकडच्या गावातली साधी माणसं त्यांच्याच बोलीत बोलली, तो टोरांटोपर्यंत जाऊन आला. आपण मात्र व्हॉट्सअपवर 'मराठवाड्यावर अन्याय' फॉरवर्ड करतो आणि टेलिग्रामवर पिक्चर उतरवतो.

हुरडा_पार्टी
लागलं. खरं हाय म्हणून लागलं.

लोह्याची_सून
थेटराचं निघालं म्हणून आठवलं, अवांतर आहे, माफ करा. माझं माहेर परभणी, सासर लोहा. लग्नानंतर पहिल्यांदा माळेगावच्या यात्रेला गेले तेव्हा तंबूतला सिनेमा पाहिला. एकीकडं घोडे-गाढवांचा बाजार, एकीकडं तमाशाच्या कनाती, मधोमध हा तंबू. बाया एका अंगाला, गडी दुसऱ्या. खाली सतरंजी पण नाही, नुसती माती. सासूबाईंनी पिशवीतून धपाटे काढले, शेजारच्या बाईनं ठेचा दिला. पडदा वाऱ्यानं फुगायचा, मग हिरोईनचं तोंड एकदम मोठं व्हायचं आणि सगळे हसायचे. पिक्चर कुठला होता ते अजिबात आठवत नाही. जात्याएवढं झालेलं ते तोंड मात्र आठवतंय.

सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "पिच्चर बरा होता, पण ती पोरगी लई पुस्तकातलं बोलती."

मोसंबीवाला
सासूबाईंना समीक्षक म्हणून नेमा.

संपादक
धागा छान चालला आहे. टेलिग्रामच्या लिंका मागणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कृपया मागू नका.

नवखा_लेखक
इथं लिहू की नको असा विचार करत होतो. मी मूळचा हिंगोलीचा, सध्या मुंबईत एका संवादलेखकांकडे साहाय्यक आहे. कुठल्या मालिकेसाठी ते विचारू नका. आतून कसं दिसतं तेवढं सांगतो.

पहिल्या महिन्यात मी एका दृश्यात लिहिलं, "मी यायलो, तू हो म्होरं." वरून टिपण आलं: "'यायलो' म्हणजे 'यायला लागलो' का 'आलो'? प्रेक्षक गोंधळेल." मी बदलून "मी येतोय" केलं. मग टिपण आलं: "फार शहरी वाटतंय, जरा गावरान करा." शेवटी कुणीतरी "आलो म्या, हो फुडं" केलं आणि तेच गेलं. असं आमच्या गावात कुणीच बोलत नाही. पण त्यांना ते 'गावरान' वाटतं, कारण आधीच्या मालिकांत तेच ऐकलंय. एका मालिकेची भाषा दुसऱ्या मालिकेवरून घेतात, माणसांवरून कुणी घेत नाही.

त्याआधी मी नटांच्या निवडीलाही जाऊन आलोय, ते तर भारीच. कॅमेऱ्यामागचा म्हणाला, "जरा तुमच्याकडचं बोला." मी बोललो. तो म्हणाला, "छान, पण आता गावाकडचं बोला."

करवीरकर
"आता गावाकडचं बोला" 🤣🤣 हे फ्रेम करून लावलं पाहिजे.

कोथरूडकर
@नवखा_लेखक हे मात्र मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की प्रेक्षकांना विचारून ठरवत असतील. तरी एक शंका उरतेच. समजा उद्या वाहिनीनं तुम्हाला सांगितलं, 'लिहा बाबांनो मराठवाडी', तर नेमकी कुठली लिहाल? औशाची की हिंगोलीची? इथंच वर धागाकर्त्यांच्या आई 'बोलूलाली' म्हणतात आणि तुम्ही 'यायलो' म्हणता.

नवखा_लेखक
बरोबर पकडलंत. म्हणूनच मदत पाहिजे. एक साधं वाक्य देतो, आपापल्या गावचं लिहा. कुणी सुधारून लिहू नका, घरात बोलता तसं द्या: "तू काय करतोयस? मी येतोय, थांब."

येळवस
औसा: "काय करूलालास? यिऊलालाव मी, थांब की."

देगलूर_नाका
"काय करायलास बे? थांब, यायलो न मी."

मोसंबीवाला
जालना: "काय करू राह्यला? थांब ना भौ, येऊ राह्यलो."

हुरडा_पार्टी
आष्टी, बीड: "काय करतो रं? थांब, आलोच." आम्ही नगरच्या शेजारी, त्यामुळं आमच्यात तसं काही सापडत नाही. आष्टीतून बीडमध्ये गेलं की बीडवाले आम्हाला नगरी म्हणतात, नगरमध्ये गेलं की मराठवाडी. आमची मालिका निघणं अवघडच.

लोह्याची_सून
माझं माहेरी 'करायलाव', सासरी 'करायलास'. आता दोन्ही मिसळून गेलंय. लेकरू तिसरंच बोलतं, कार्टूनमधलं हिंदी.

खवा_पेढा
भूम: "काय करायलाय? थांब, आलो." पण माझी आत्या कळंबची, ती 'करूलालास' म्हणती आणि आम्ही तिची नक्कल करून मार खाल्लाय. म्हणजे आमच्या घरातच दोन मराठवाडे.

तिसरी_घंटा
बघा, सगळा फरक क्रियापदाच्या शेपटीत आहे. मालिकावाले 'लई', 'रं', 'गं' शिंपडून मोकळे होतात, कारण ते सोपं. 'करूलालास' बोलायचं तर जीभ वळवावी लागते. कोथरूडकरांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. गाव औसा दाखवलं तर औशाचं लिहा, जालना दाखवलं तर जालन्याचं. एकच मराठवाडी कुणी मागितलीच नव्हती.

कोथरूडकर
ठीक आहे, पटलं. शिवाय आत्ता वर पाच बोलींतलं तेच वाक्य वाचलं आणि एकदाही अडलो नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

करवीरकर
कोथरूडकरांना पटलं! धाग्याची तारीख लिहून ठेवा.

नवखा_लेखक
सगळं वहीत उतरवलंय. उद्या बैठकीत दाखवणार आहे. जास्त आशा धरू नका, पण एका पात्रापुरतं तरी विचारतो. आजीचं पात्र आहे, तिला संवाद कमी आहेत, कदाचित सोडतील.

येळवस
आजीला मिळालं तर माझ्या आईला सांगून ठेवतो. काल तिनं ती मालिका बंद करून टाकली. म्हणाली, "त्या पोरीला म्हणावं आधी चार दिवस आमच्यात येऊन राहा, मग पळ बांधावरनं." वर 'बलगम' लाव म्हणाली, कावळ्याचं मी तिला सांगितलं होतं. तेलुगू एक अक्षर कळत नाही, तरी पूर्ण पाहिला. मधेच एकदा थांबवायला लावला आणि विचारलं, "त्या जावयाला नळी कामून दिली नाही?"

उदगीरचा_किल्ला
सगळा धागा वाचला. जालना झालं, देगलूर झालं, आष्टीसुद्धा झाली. उदगीरचं कुणीच लिवलं नाही. आमच्यात मराठी, कन्नड, तेलुगू आन् दखनी चारी एकाच वाक्यात येतात. ते लिहायचं का नको?

नवखा_लेखक
लिहा की हो. वही उघडीच आहे.